लाल पंप

टेंभुरदऱ्यात दोन हातपंप आहेत.
एक निळा, एक लाल.
लाल रंग मी दिला :
ब्रश माझा, डबा पंचायत समितीचा,
शिव्या साऱ्या गावच्या.

"काहून रंगवतं बे?" सोनबा ढोक आडवा आला.
"माह्या आज्यानं दाखवली हे जागा,
तयहातावर नारळ उभा करून.
बहात्तरच्या दुष्काळात सारं गाव जगलं हेच पाणी पिऊन."
खरं होतं त्याचं.
मी नाही म्हटलं नाही.

पण बाटलीत औषधाचे थेंब टाकले
की लालसर पाणी पिवळं पडायचं,
आणि बाटली कोणाचा आजा ओळखत नाही.
पोरांच्या दातांवर तपकिरी रेघा.
गिरजा कुमरे बत्तिसाव्या वर्षीच
जिन्याला हात लावून चढायची, गुडघ्यात वाकलेली.

संध्याकाळी शाळेचे चौधरी मास्तर ओट्यावर येऊन बसले.
आमच्या घरी दर एकोणीस दिवसांनी सतरंजी पडते,
आम्ही बहाई, हे त्यांना ठाऊक.
म्हणाले, "धर्मालाही असाच लाल रंग फास, अन् मोकळा हो.
मागच्या साली लिंबावर झेंडा कोणाचा, यावरून डोकी फुटली.
अकरा दिवस शाळा बंद.
शाहीनची दहावी त्यातच गेली."

मी चहा पुढे केला.
म्हटलं, मास्तर, खरं आहे.
ज्या पाण्यानं हाडं वाकतात
ते न प्यालेलंच बरं.
त्याला आजोबांचं म्हणून प्यायचं नाही,
देवाचं म्हणून तर नाहीच.

पण तुम्हाला एक सांगतो.
रंग दिला त्या रात्री, निळा पंप यायचाच होता,
मला झोप नव्हती.
दीडच्या सुमारास कुरकुर ऐकू आली,
लाल पंपाची दांडी.
कोणीतरी हळू हळू, चोरून, उपसत होतं.
रंगानं तहान जात नाही, मास्तर.
दुसरं पाणी नसलं की माणूस
अंधारात जुन्याच पाण्याकडे जातो.

मग नागपूरहून यंत्र आलं.
यंत्रानं जागा दाखवली : दोन पाड्यांच्या मधोमध,
जिथं कोणीच कोणाला येऊ देत नव्हतं.
दोनशे दहा फुटांवर गोड पाणी,
आणि वर तीन महिने भांडण.
पाणी सापडवणं यंत्राला जमलं,
माणसं एका सतरंजीवर बसवणं त्याचं काम नव्हतं.

ती आमच्या अंगणात बसली.
मधे एक परात ठेवली होती, रिकामी.
सांगितलं : इथं बोललेला शब्द
बोलणाऱ्याचा राहत नाही,
तो परातीत पडला, सगळ्यांचा झाला.
पहिल्या दिवशी परातीत फक्त शिव्या पडल्या.
दुसऱ्या दिवशी सोनबा आलाच नाही.
तिसऱ्या खेपेला, दारामागून,
गिरजा म्हणाली,
"जिच्या डोक्यावर गुंड, तिचा नंबर आधी.
पाडा कोणता, ते पाणी भरल्यावर इचारा."

कोणी हूं म्हटलं नाही.
पण पुढच्या आठवड्यात बोअरची गाडी
कोणी अडवली नाही.

सोनबा अजून लाल पंपाला हात जोडतो.
जोडू दे. मीही जोडतो कधीमधी.
बहात्तरचं पाणी खोटं नव्हतं.
त्याच्या खालचा खडक बदलला,
आणि आम्ही घुटके मोजत बसलो.

निळ्या पंपाचं पाणी मी दर सहा महिन्यांनी तपासतो.
मास्तर परवा तिथंच उभे होते, सायकल धरून.
विचारलं, "तुमच्या घरच्या प्रार्थनेलेही
लावतं का हे बाटली?"

लावतो, म्हटलं.
सगळे गेल्यावर सतरंजी झटकताना बघतो,
कोण कोणाशेजारी बसलं होतं,
आणि कोणत्या पाड्यातलं
कोणीच आलं नव्हतं.