उत्तर मिनिटांत लिहावे

प्रश्न क्रमांक चार :
सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ आखडलेले असतात?
उत्तर मिनिटांत लिहावे.

झुवैना, वय नऊ, बर्काहून येते.
म्हणते, बाबा मासळीबाजारातून परत येईपर्यंत.
म्हणजे किती गं?
सुरमई मिळाली तर लवकर येतात.

मी साठ लिहिते. खोडते. पंचेचाळीस.

कैवल्य, वय तेरा, रूवीत राहतो.
आई बुटाच्या नाड्या बांधते तोवर, म्हणतो,
आणि ती बांधते हे वर्गात कुणाला कळायला नको.
हे कुठल्या रकान्यात?

दोनशे अकरा मुलं आहेत आमच्या अभ्यासात.
मस्कतच्या या तिसऱ्या मजल्यावर
कोनमापक लावून मी त्यांचे सांधे मोजते,
गुडघा, घोटा, मनगट, बोटांची पेरं न् पेरं,
शेवटी जबडा.
झुवैनाला म्हणाले, आ कर,
भाकरीचा मोठा घास घेताना करतेस तसा.
मग आठवलं, ती भाकरी खात नाही, खुब्ज खाते.
आ झाला तो दोन बोटं मावतील एवढाच.

आपलेच सैनिक आपल्या घरावर चालून येतात,
माहितीपत्रकात असं छापलं होतं, किल्ल्याच्या चित्रासकट.
झुवैनाने ते उलटंसुलटं करून पाहिलं
आणि विचारलं, मग मी कुणाच्या बाजूने?
डॉक्टर शैमा पेनाचं टोपण
उघडत राहिल्या, लावत राहिल्या.
ते पत्रक आता आम्ही वाटत नाही.

झुवैनाच्या आजीने गुडघ्यांना लुबानाची धुरी दिली :
कुणाची तरी नजर.
कैवल्यच्या मावशीने मिरजेहून फोनवर निदान केलं :
वात.
वांगं बंद, बटाटा बंद, रात्रीचं दही बंद.
त्याच्या आईने तीन महिने सगळं पाळलं
आणि गोळ्याही बंद ठेवल्या.
हे तिने मला लिफ्टमध्ये सांगितलं,
मराठीत, जमिनीकडे बघत.
लिफ्टमध्ये मराठीत ऐकलेलं नोंदवायचं की नाही
याबद्दल नियमावली गप्प आहे.
दुसऱ्या दिवशी तिला विचारलं, मग नोंदवलं.
त्यानंतर दोन भेटींना ती वडिलांनाच पाठवत होती.

रक्त आम्ही उणे ऐंशीवर ठेवतो.
बाहेर सत्तेचाळीस.
दार उघडून पाऊल टाकलं की चष्म्यावर धुकं,
आणि धुक्यापलीकडे कुणीतरी मूल कडेवर घेऊन
पार्किंगकडे निघालेलं,
कडेवर घेण्याचं वय कधीच उलटून गेलेलं मूल.

संमतीपत्रात लिहिलंय, नमुने पंधरा वर्षं जपले जातील.
माझा व्हिसा दोन वर्षांचा.
मी कधीच इचलकरंजीत परतलेली असेन,
झुवैना चोवीस वर्षांची असेल,
आणि तिचं नऊ वर्षांचं रक्त
या कपाटात नऊ वर्षांचंच राहील.
सुरमईचं ज्याला ठाऊक नाही असं कुणीतरी
एक थेंब वितळवून त्याला काही विचारेल.

काल आकडेवारीवाला फरीद म्हणाला,
प्रश्न चारची सगळी उत्तरं पाचाच्या पाढ्यात कशी?
पंधरा, तीस, पंचेचाळीस.
मुलं अशी दुखत नाहीत.

बरोबर आहे त्याचं.
मी अर्ज उलटे करून दाखवले.
मागे पेन्सिलीने, घाईच्या मराठीत :
मासळीबाजार. नाड्या.
तिसरा अलार्म. पहिला तास, गणिताचा असेल तर दुसराही.
भावाचं आंघोळीचं पाणी गार होईतो.
एकीने नुसते खांदे उडवले होते, तेही लिहिलेलं,
पुढे कंसात : उजवा कमी.

वाच, म्हणाला.
मी मोडक्यातोडक्या अरबीत वाचत गेले.
तो मध्ये बोलला नाही.
मग त्याने तक्त्यात एक नवा रकाना उघडला,
वर बोट ठेवून विचारलं, नाव काय देऊ याला?

मला वेळ लागतोय.