पाण्याची वेळ

वाचनालयातल्या कार्यक्रमात एका मुलीनं विचारलं,
तुम्हाला सुचतं कसं?
मी काहीतरी बोलले. एकांत वगैरे.

खरं उत्तर सायकलवर यायचं
पहाटे सव्वाचारला, गोळीबार चौकाकडून,
दांडीला बांधलेली लांब लोखंडी चावी घेऊन.
नत्थूजी निमजे.
रस्त्यातलं झाकण उचलायचे,
चावी आत घालून तीन आटे फिरवायचे
आणि एकदा खाकरायचे.
मग आमच्या नळातून आधी नुसती हवा,
मग गंजाची गुळणी,
मग पाणी.
पाऊण तास. पुढे एक मिनिटही नाही.

ड्रम दोनशे लिटरचा, निळा.
त्याच्याशेजारी पालथ्या बादलीवर बसून
मी लिहायची. शिसपेन्सिलनं,
कारण ओल्या हाताखाली शाई फुटते.
तळाशी पाणी ढोलासारखं वाजे,
निम्म्यावर आलं की आवाज बारीक होई,
काठाशी शीळ.
शिळेआधी शेवटची ओळ संपवायची,
नाहीतर अंगण भिजून पराते काकूंच्या दारात पाणी.
म्हणून माझ्या सगळ्या कविता
जवळपास एकाच मापाच्या आहेत.
एका समीक्षकाला त्यात संयम दिसला.

मे महिन्यात धार करंगळीएवढी,
तेव्हा ओळी लांबत गेल्या.
भिंती रात्रभर तापलेल्याच,
पण फरशीवर पाय टेकवता यायचा
असा तेवढाच एक तास.
नंतर दिवसभर पेन्शनच्या फायली,
हयातीचे दाखले,
जिवंत असल्याच्या सह्या तपासणं.

मग गल्ली खोदली.
नवे पाइप, नवे मीटर, पाणी चोवीस तास.
गल्लीनं पेढे वाटले. मीही वाटले.
ड्रम पालथा घातला, वर मोगऱ्याची कुंडी ठेवली,
आणि सात वाजेपर्यंत झोपले,
लग्नानंतर पहिल्यांदाच.

मार्च. एप्रिल. मे.
एक ओळ नाही.
सीताबर्डीतून टेबल आणलं, दिवा आणला.
टेबलावर इस्त्रीचे कपडे साचले.
फुटाळ्यावर जाऊन बसले,
लोक बसतात म्हणून, तळ्याकडे बघत.
भुट्टा खाऊन परत आले.

जूनमध्ये निमजे भेटले, तर्री पोह्याच्या गाडीवर.
रिटायर झालेले, हातात चावी नाही
म्हणून जरा वाकडेच उभे.
चावी कुठंय, विचारलं.
"हापिसात जमा केली. पावती हाय."
मग चमच्यानं तर्री ढवळत राहिले बराच वेळ.
"सवय जात नाई नं बाई.
सव्वाचारले झोप खुलते,
पन आता खोलाले काई नाई."

मी पोह्यांचे पैसे दोनदा दिले बहुतेक.

जुलैत एके रात्री गजर लावला.
मोगरा उतरवला, ड्रम सरळ केला,
आतला कोळी बाहेर काढला
आणि नळ सोडला, अगदी बारीक.
पराते काकूंनी खिडकीतून डोकं काढलं:
"काहून वं, आता कायले भरून राहिली?"
"कूलरसाठी," म्हटलं.
कूलर केव्हाच माळ्यावर गेला होता.
त्यांनाही ते दिसत होतं.
"बरं," म्हणाल्या, आणि खिडकी लावली.

तीन पहाटे नुसती हवा.
चौथ्या पहाटे गंज:
भाजीचा हिशेब, बहिणीशी झालेलं जुनं भांडण,
एका विधवेची मी परत पाठवलेली फाइल.
गंजाचं पाणी मी कधी फेकत नसे,
मोरीसाठी वेगळं ठेवायची.
तसंच ठेवलं, वहीच्या मागच्या पानांवर.

पाचव्या पहाटे
ड्रमचा आवाज नुकता बारीक होत होता
तेव्हा रस्त्यात कुणीतरी एकदा खाकरलं.

मी उठून पाहिलं नाही.
ओळ अर्धी होती.