पहाटे चारचा फोन

सेंट लॉरेन्सवरून बर्फ आला
की पहाटे चारला डेपोतला फोन वाजायचा.
"ओदिलों बोलतोय. टेकडीचा रस्ता आधी,
वर दवाखाना आहे."
सत्तावीस हिवाळे हेच.
आवाज ओळखीचा, तरी नाव सांगायचा.

कागदगिरणी बंद पडली तेव्हा
लोकांनी त्याच्या दारावर अंडी फोडली.
दार पुसलं त्यानं,
आणि गटारांच्या झाकणांची यादी घेऊन निघाला.
पूल वेल्डरांनी बांधला, म्हणायचा;
फीत मात्र स्वतः कापायचा,
कात्री घरी न्यायचा.
मार्सेलीन वैतागायची:
घरात चौऱ्याऐंशी कात्र्या,
शिवणाला एक धड नाही!

नोव्हेंबरात एक्केचाळीस मतांनी पडला.
साखळी उतरवून दिली
आणि स्वतःची लोकरी टोपी तिथंच विसरला.

काल पुन्हा बर्फ.
चारला फोन.
बराच वेळ नुसता श्वास.
मग: "मी... टेकडीवर राहणारा एक माणूस."
"गाडी निघालीय, महापौर," मी म्हटलं.
"दवाखान्यापर्यंत?"
खिडकीतून पाहिलं.
गाडी आवारातच होती,
नवा पोरगा कॉफी फुंकत उभा.

"हो," म्हटलं,
आणि रिसीव्हरवर हात ठेवून
त्याच्यावर ओरडले.