आडवे शब्द, उभे शब्द

अवगुस्ता येफिमोव्नाने बिया वाळवल्या होत्या
शब्दकोड्याच्या पानावर.
टोमॅटोचा गर बरणीत तीन दिवस आंबवायचा,
वर पांढरी साय धरून नाकाला झोंबला की गाळायचा,
धुवायचा, पसरायचा –
हे मला वासावरूनच ठाऊक.
माझी खिडकी तिच्या खिडकीच्या बरोब्बर वर.

सप्टेंबरात तिच्या डोक्यात एक शीर फुटली.
पाय परतले, उजवा हात अर्धामुर्धा परतला,
शब्द नाही परतले.

फेब्रुवारीत तिचा रोदिओन ते पान घेऊन दारात.
"आई बोट वर करून दाखवत होती. वर म्हणजे तुम्हीच."
पेर्ममध्ये त्या दिवशी उणे एकोणीस.
मी ट्राम चालवते.
मातीशी ओळख, बुटाला लागते तेवढीच.

बिया कागदाला घट्ट धरून बसलेल्या.
ओढल्या असत्या तर सोलल्या असत्या,
म्हणून कात्रीने एकेक घर कापलं, बीसकट, अक्षरासकट,
आणि दुधाच्या खोक्यांत पुरलं.
आडवा सात : पाच घरांची नदी.
तिथे तिने नवऱ्याचं नाव लिहिलेलं, फ्योदर.
ते पुरताना जरा थांबले.

अकरा उगवल्या.
मान वाकवून, बीचं टोपरं डोक्यावर तसंच घेऊन.
एकीचं टोपरं निघेचना,
थुंकी लावून भिजवलं, नखाने काढलं.
कुणी पाहिलं नाही.

डेपोत फ्लूराने विचारलं, "जात कुठली?"
माहीत नाही.
"लाल की गुलाबी? ठेंगणी की उंच?"
जिन्यात दारोदार विचारत गेले.
तळमजल्यावरचे म्हणाले, ते तिचे जाडे.
रोदिओन म्हणाला, आईचे.
नाव एकटीला माहीत होतं,
आणि तिच्याच तोंडाला कुलूप.

जूनमध्ये बसने, मांडीवर खोकी सावरत,
गावाबाहेर तिच्या सहा गुंठ्यांत नेऊन लावली.
नऊ तारखेच्या रात्री दव गोठलं.
पडदे घातले, तिचा जुना कोट घातला,
माझा गणवेशही घातला, पितळी बटणांचा.
सकाळी मोजली :
आडवी सात, उभी चार.

ऑगस्ट संपता संपता पहिलं फळ.
खांद्यावर हिरवं, देठापाशी तडकलेलं,
रंग मुक्या मारासारखा, लाल-जांभळा,
आणि वजन असं की ओंजळ खाली जावी.
तिच्या डाव्या हातात ठेवलं.
तिने देठाकडून हुंगलं. दोनदा.
ओठ हलले.
रोदिओन किटली हातात धरून तसाच उभा.
मी नावाची वाट पाहत होते,
खिशात पेन्सिलसुद्धा होती.

"मीठ," ती म्हणाली.

त्यांच्या घरातलं नेमकं संपलं होतं.
दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले,
अख्खी बरणीच घेऊन खाली आले.

मधल्या फोडीतला गर मी मागून आणला.
पाकीट तयार आहे, नावाची ओळ कोरी.
काल तिसरा दिवस. मला वाटलं,
अजून थोडं थांबावं, सायच पुरेशी धरली नाही –
तर माझ्या फरशीला
खालून काठीचे दोन ठोके.
गाळ.