निळा खडू

एमेट, धर जरा फितीचं हे टोक.
शेवटच्या वीस फुटांना मी निळा खडू फासते,
पोलादी फीत बोअरमध्ये सोडते.
खडू जिथवर ओला, तिथवर पाणी.
अरिझोनाच्या या खोऱ्यात एकवीस वर्षं माझं हेच काम:
खालचा अंधार वर आणून वाचायचा.

तू मात्र जमिनीवरचंच बोलत आलास,
कुंपणाच्या खांबाला कोपर टेकून:
माझी जमीन, माझा घाम, माझा पंप.
मी कुणाच्या अंगाला बोट लावत नाही,
माझ्याही अंगाला कुणी लावू नये.
ऐकायला किती स्वच्छ!
मलाही पटायचं, खोटं कशाला बोलू.
केस कापायच्या परवान्यासाठी तुझ्या नॉरीनला
ज्या बाबूने चौदा महिने खेटे घालायला लावले
त्याला मीही मनातल्या मनात शिव्या हासडल्या होत्या.
सरकार कुठे कुठे नाक खुपसतं
हे सरकारी पगारावर जगणाऱ्या बाईला नको सांगूस.

पण पाणी, एमेट, कुंपण वाचत नाही.
तू सहाशे फूट खाली गेलास,
आणि दोन शेतं पलीकडे कॉन्सुएलो बारागानच्या नळाने
आधी खाकरून वाळू टाकली, मग नुसता वारा.
बोट तू लावलं नाहीसच.
फक्त तिच्या घराखालून
एक अख्खं तळं हळूच सरकलं.

घाम तू गाळलास, खरंय.
पाणी मात्र दगडाने गाळलं,
हजारो वर्षं,
बिनपगारी.

मग टँकरवाल्याने तिच्यापुढे कागद ठेवला.
पेन्शनचा तिसरा हिस्सा. तिने सही केली.
'कुणी डोक्याला बंदूक लावली होती का?' तू विचारलंस.
नाही रे. तहानेला बंदूक लागत नाही.
'मग विकून जावं.'
कुणाला? पाणी नसलेलं घर
तूसुद्धा घेणार नाहीस.

आणि हेही सांगायला हवं,
दर रविवारी तिची टाकी फुकट भरायला
तूच जायचास, कुणी न सांगता,
कॉफीलाही न थांबता.
सक्तीचं पुण्य तू पुण्य मानत नाहीस. ठीक.
पण मार्चमध्ये तुझ्या ट्रकचा ॲक्सल तुटला
तेव्हा तीन रविवार
तिने भांडी वाळूने घासली.
तुझं मन मोठं आहे, एमेट.
त्याच्या खुंटीला जिचा घडा टांगलेला
ती मोकळी कशी?

ज्या कचेरीच्या नावाने तू बोटं मोडतोस
तिच्याच कपाटात, तिसऱ्या खणात, तुझी मालकी आहे.
मी पाहिलाय तो कागद, कडा पिवळ्या पडलेल्या.
त्याच्याआधी इथल्या झऱ्यावर कोण पाणी भरत होतं
ते त्यावर लिहिलेलं नाही.

आता पश्चिमेला पिस्त्यांची बाग. कंपनीची.
कंपनीला घाम येत नाही.
ती चौदाशे फूट गेली,
आणि तीही
कुणाच्या अंगाला बोट लावत नाही.

फीत वर येतेय. पुसू नकोस, थांब.
खडू कोरडा. टोकापर्यंत फिका, कालच्या आभाळासारखा.
आकड्याच्या रकान्यात मी रेघ मारते.
तू बघत राहतोस. 'त्यांचा हक्क आहे,' म्हणतोस,
आवाज जराही न हलवता.
दुसरा कुणी इथे शब्द फिरवता.
तू फिरवत नाहीस,
आणि तुझ्यापुढे मान झुकवावी
की तुला गदागदा हलवावं, मला कळत नाही.

मग खिशात हात घालून, 'मोजणीचे किती?'
काही नाही. तू भरलेयस आधीच,
दर एप्रिलला, दात ओठ खात.
कॉन्सुएलोनेही भरलेत.

नॉरीन दारात उभी आहे, हातात किटली, उलटी धरलेली.
माझ्या गाडीत पाच गॅलनचा कॅन आहे.
तू नको म्हणशील हे ठाऊक आहे,
म्हणून मी तिलाच हाक मारते.