मापाची वही

एका कानात इअरफोन, दुसरा घरासाठी मोकळा.
अकरा तासांची कादंबरी आहे.
वाचणाऱ्याचा आवाज असा,
की जणू आपल्याच ओट्यावर बसून सुपारी कातरतोय
आणि मधेच सांगतोय
माणूस कसा मारला ते.

शाळेचे गणवेश घेतलेत, बेचाळीस शर्ट.
आठव्या प्रकरणात तो दुसऱ्याच्या घरात शिरतो
हरवलेला पुतण्या म्हणून.
घरधन्यासारखा खोकायला शिकतो,
त्याच्यासारखा चहा बशीत ओततो,
आणि म्हातारी डोळे पुसत म्हणते, तोच आहे.
मी पायडल मारते.
मला ठाऊक आहे, हे असं होतं.

वाढोण्यातही आला होता एक.
बंधाऱ्याचा इंजिनिअर. लाल झेंड्या, तिपाईवर दुर्बीण,
नाव अनिरुद्ध सप्रे.
पहिल्या दिवशी गेडामांकडे जेवताना म्हणाला, "कोथिंबीर छान आहे."
नवव्या दिवशी म्हणाला, "सांभार टाका ना जरासा, मावशी."
तेव्हाच कळायला हवं होतं.
खरा साहेब वीस वर्षं राहिला तरी
कोथिंबीरच म्हणतो.

बैलांची नावं पाठ. कोणाच्या पोरीला कुठून पाहायला येणार, पाठ.
कोहचाड्यांच्या मुक्या पोराशी हातांनी बोलायचा,
ते पोट्टं अजून एक झेंडी जपून आहे.
पंपाच्या मीटरसाठी घरटी अकराशे घेतले
आणि एका बुधवारी, ऐन बाजारात,
आर्वीच्या गाडीत बसला.

पोलीस आले. दिसायला कसा?
कोणी म्हणे उंच, कोणी म्हणे बेताचा.
गेडामबाई म्हणाली, "आपल्यासारखाच तं होता जी."

माझ्याकडून त्यानं शर्ट शिवून घेतला होता.
वहीत होतं: छाती अडतीस, बाही साडेतेवीस, गळा पंधरा.
आणि पेन्सिलीनं, माझ्यापुरतं:
उजवा खांदा अर्धा इंच खाली.
नाव खोटं, हुद्दा खोटा, हसणंही असेल.
खांद्याला कोण शिकवणार.

हवालदार दारात उभा. "तुमाले काई माहीत हाय का?"
"मले काय माहीत राहीन, भाऊ."
वही मशीनच्या खणात, माझ्या गुडघ्याशी.
का लपवली, सांगता येत नाही.
आमचेही अकराशे गेले होते.

तेविसाव्या प्रकरणात तो रात्री आरशापुढे उभा राहतो,
आपलं खरं नाव हळूच उच्चारून पाहतो,
आणि ते त्याला परक्याचं वाटतं.
इथे माझी सुई तुटली.

ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं होतं, प्राजक्ता.
त्याआधी एकोणीस वर्षं मी पंचफुला.
रेशन कार्डात, बचत गटात, जावेच्या तोंडी
प्राजक्ता ऐकू आलं की वळते. लगेच वळते.
त्यांच्या घरचं तिखट, त्यांच्या घरचं रडणं,
कोणाच्या मयतीला किती मोठ्यानं,
नऊ दिवससुद्धा लागले नव्हते मला.
बावीस वर्षांत कोणी पकडलं नाही.

शेवटची चाळीस मिनिटं उरली.
जिन्यावर बूट वाजतात,
दारावर थाप पडते,
तो कॉलर नीट करतो.
मी थांबवलं.

चार दिवस झाले, तो तसाच उभा आहे, कॉलरीवर हात.
सासूबाई विचारतात, "काहून व, आज कानात काई नाई?"
"सरली," म्हणते.

काल रात्री लाइन गेली तेव्हा
मोबाइलच्या उजेडात वहीचं मागचं पान काढलं,
स्वतःचं माप घेऊन पाहिलं.
छाती जमली, बाही जमली.
खांद्याचं एकटीला घेता येत नाही.
टेप पाठीवरून घसरते.