बोटाला काही लागलं नाही

चाळीस वर्षं मी गाडी अशी तपासतो:
आधी मागं जायचं,
सायलेन्सरच्या नळीत तर्जनी घालायची, फिरवायची, बघायची.
सुकी काजळी असली तर ठीक चाललंय.
ओली, चिकट असली तर रिंगा गेल्या.
पांढुरकी असली तर मालकाला बाकड्यावर बसवायचं,
चहा सांगायचा, मग बोलायचं.

धाकटीच्या लक्ष्मीपतीनं नवी गाडी आणली.
मांजर दुधापाशी येतं तशी ती दुकानाशी आली.
सवयीनं मी मागं गेलो.
नळीच नाही.
बोट हवेत राहिलं.
"मामा, काय हुडकालाव?"
धूर, म्हटलं.
"धूर नाहीच की तिला."

शोरूमचं पोरगं बरोबर होतं, निंबर्गी आडनावाचं.
टाय घातलेलं. त्रेचाळीस डिग्रीत, टाय.
पृथ्वी, म्हणालं. पुढची पिढी, म्हणालं.
हप्ता म्हणताना आवाज बारीक झाला,
आणि आठ वर्षांनी बॅटरीचं काय, असं मी विचारलं
तेव्हा नेमका त्याला फोन आला.

मला टायची भीती वाटते, त्याला कारण आहे.
वडील हातमागावर होते.
पॉवरलूम आला तेव्हाही एक जण आला होता, कोट घालून.
विणकराचे पाय वाचतील, म्हणाला.
वाचले.
ते वाचलेले पाय घेऊन वडील
तीन वर्षं कन्ना चौकात उभे राहिले, काम मागत.

वीज कुठनं येते, मी भाच्याला विचारलं.
"बोर्डातनं."
बोर्डामागं तार, तारेमागं तार,
शेवटची तार जिथं जाते
तिथं आमची थोरली दिलीय, यंकव्वा.
पापड वाळत घालायच्या आधी ती गच्ची झाडते.
झाडून झाल्यावर परत झाडते.
सुपलीत जमलेलं तिनं एकदा मला दाखवलं.
मी बोट घातलं.
लागलं.

दस्तगीर वेल्डरनं चष्मा कपाळावर चढवला,
"उस्ताद, धुआँ बी अब अलग घर करको रहताय."
सगळे हसले.
निंबर्गीचं पोरगंही हसलं, मग गप्प झालं.

भाच्याच्या घरी आता तह झालाय.
पाचव्या दिवशी नळाला पाणी सुटतं.
मोटर आणि गाडी एकदम लावली की फ्यूज उडतो.
बायको म्हणते, मोटर.
तो म्हणतो, पृथ्वी.
मोटर चालते.

आता खरं सांगतो.
दुसऱ्याच्या पोटातलं काढायचं तर आपलंही काढावं.
माझ्या फळीवर अकरा डबे नोझल पडून आहेत.
माझी शंका काही सोवळ्यातली नाही,
तिच्या अंगाला डिझेलचा वास येतो.
कंपनी पृथ्वीसाठी गळा काढते,
मी यंकव्वाच्या गच्चीसाठी काढतो,
आणि दोघांचाही एक डोळा गल्ल्यावर.
आणि सिव्हिलच्या डॉक्टरीणबाईंनी
माझ्या छातीचा फोटो उजेडाला धरला तेव्हा
वाटलं, कुणीतरी नळीत तर्जनी घालून फिरवली.
सुकी नव्हती.

पुढच्या तपासणीला लक्ष्मीपतीनंच नेलं, त्याच गाडीतनं.
साखर पेठेच्या कडेनं जाताना मी काच खाली केली.
जन्मभर या रस्त्यानं गेलो ते इंजिनाच्या आवाजात.
एका घरातनं खटक्-खटक् आली.
मग बरीच घरं काही नाही.
मग लांब, एकच माग.
मग काही नाही.

"बंद पडली काय रे?" मी विचारलं.
"चालू आहे की, मामा."